सांडव्यावरची पोती आणि भरावाखालचे घर

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आपले घर, गोठा आणि विहीर गावच्या पाझर तलावाच्या भरावापासून जेमतेम दीडशे मीटर खाली, ओढ्याच्या काठाला आहे. मातीचा हा तलाव ९ मीटर उंचीचा असून जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाने बांधलेला आहे. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने ठराव करून तेथे एका इसमास नौकाविहार चालवण्याची मुभा दिली. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकावे म्हणून त्याने सांडव्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, वाळूच्या पोत्यांचे तीन थर रचले, आणि रविवारी येणाऱ्या पर्यटकांच्या चारचाकी गाड्या आता भरावाच्या माथ्यावरून पलीकडे जातात. गेल्या पावसाळ्यानंतर भरावाच्या पायथ्याशी ओल दिसू लागली आहे. आपण स्वतःही आपल्या शेतात गाडीमागे पन्नास रुपये घेऊन वाहने उभी करू देता. तलाव फुटला तर जबाबदार कोण, कोणी बुडाले तर आपण अडकाल का, आणि ती पोती रात्रीतून काढून टाकली तर चालेल का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई दिसते. पोत्यांना आपण हात लावू नये. साठलेले पाणी एकदम सुटून खालच्या कोणाचे पीक वाहून गेले, तर ज्याच्यावर आज आपण बोट ठेवत आहात त्याच्या जागी आपण उभे राहाल. सिंचनाचे पाणी कमी करणाऱ्या आणि पूर आणणाऱ्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये शिक्षा सांगितली आहे, आणि आपला हेतू चांगला होता हे सिद्ध करण्यातच आपली काही वर्षे जातील. पोती निघालीच पाहिजेत, पण ती अभियंत्याच्या देखरेखीखाली, पाणी उतरलेले असताना आणि पंचनामा करून निघाली पाहिजेत.

आपल्या पत्रात दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पर्यटकांबद्दल दोन पाने आहेत आणि पोत्यांबद्दल दोन ओळी. माझ्या दृष्टीने हे प्रमाण उलटे हवे. मातीचा भराव पाणी अडवून टिकतो, पण पाणी त्याच्या माथ्यावरून वाहू लागले की टिकत नाही. म्हणूनच जास्तीचे पाणी बाजूने जावे यासाठी सांडवा ठेवलेला असतो, आणि सांडव्याची पातळी व भरावाचा माथा यांत काही अंतर राखलेले असते, ज्याच्या भरवशावर मोठा पूर निभावतो. पोत्यांच्या तीन थरांनी त्या अंतरातले दीड-दोन फूट आधीच खाल्ले आहेत. त्यात माथ्यावर गाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या पडल्या असतील, तर माथा तेवढ्या जागी आणखी खाली गेला आहे, आणि पुराचे पाणी नेमकी तीच जागा शोधते.

पायथ्याच्या ओलीविषयी आपण फक्त ‘ओल आहे’ असे लिहिले आहे. मला त्याहून अधिक माहिती हवी. मातीच्या भरावातून थोडे स्वच्छ पाणी पाझरणे यात नवल नाही. तेच पाणी गढूळ येऊ लागले, एका जागी झऱ्यासारखे उमळू लागले किंवा त्याभोवती बारीक मातीचे कडे साचू लागले, तर भरावाच्या आतून माती निघून चालली आहे असा त्याचा अर्थ होतो. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून ठेवावे आणि तासाभराने तळाशी काय बसते ते पाहावे. दर आठवड्याला त्याच जागेवरून, शेजारी पट्टी किंवा खुणेचा दगड ठेवून, तारखेसह छायाचित्र घ्यावे. घुशींची बिळे आणि भरावावर वाढलेली बाभळीची झाडे असतील तर तीही टिपावीत.

आता कायदा. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे, आणि गावातील कोणी तरी आपल्याला त्याचा आधार घ्या असे सांगितले आहे. परंतु तो अधिनियम १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया किंवा रचना यांविषयीच्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांना लागू होतो. आपला तलाव ९ मीटरचा असल्याने तो त्याबाहेर राहतो. तक्रार त्या अधिनियमावर उभी केली, तर ‘लागू नाही’ एवढ्या एका शेऱ्यावर ती निकाली निघेल.

जबाबदारीचा खरा आधार जुना आहे. साठवलेले पाणी निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात पक्के झाले. मात्र १८७४ साली मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटिनगरचे जमीनदार या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील आपल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते आपल्याकडील तलावांना लावण्यास नकार दिला. तेथे अतिवृष्टीत जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले होते. तलाव हा या देशातील शेतीचा आधार असून ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, म्हणून निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे कौन्सिलने म्हटले. समोरचा पक्ष याच निकालाचा आधार घेईल. त्यावर माझे म्हणणे असे राहील की ते संरक्षण सिंचनासाठी साठवलेल्या पाण्याचे होते, नौकाविहारासाठी सांडव्यावर चढवलेल्या दोन फुटांचे नव्हे.

आपल्याला अधिक उपयोगी पडेल तो सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ सालचा पंजाब राज्य विरुद्ध मॉडर्न कल्टिव्हेटर्स हा निकाल. कालव्याला भगदाड पडून शेते बुडाली होती. योग्य काळजी घेतली असती तर कालवा फुटला नसता, त्यामुळे फुटणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा होय, असे न्यायालयाने मानले. शासनाने देखभालीच्या नोंदी हजर केल्या नाहीत, हेही त्याच्या विरोधात गेले. म्हणजे अशा वादात नोंदींना मोठे वजन असते, आणि त्या नोंदी आज आपणच निर्माण करायच्या आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या असे समोर आले. तक्रार करूनही जीव गेले हे मनाला फार लागते, म्हणूनच आपली तक्रार टपाल शाखेतील आवक क्रमांकावर थांबू देऊ नका.

लघुपाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रती गटविकास अधिकारी, तहसीलदार व जिल्हाधिकारी यांना द्याव्यात. जिल्हाधिकारी हे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. अर्जात पोती काढणे, माथ्यावर गाड्यांना अडसर घालणे आणि पायथ्याच्या ओलीची पाहणी या तीनच मागण्या ठेवाव्यात. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज करून तलावाची पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते ती), माथ्याची पातळी, शेवटच्या तपासणीचा अहवाल, तलाव ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाला आहे काय, आणि नौकाविहाराच्या करारनाम्याची प्रत ही माहिती मागावी. प्रश्न जिवाशी संबंधित असल्याने कलम ७(१) नुसार ४८ तासांत माहिती मिळावी, असे अर्जातच नमूद करावे. हस्तांतरण झालेले नसेल, तर जे आपले नाही ते ग्रामपंचायत ठरावाने दुसऱ्याला वापरायला देऊ शकत नाही. हे १ मेच्या ग्रामसभेत शांतपणे बोलून इतिवृत्तात येईल असे पाहा. सरपंच आपल्या भावकीतले आहेत असे आपण लिहिले आहे. आधी घरी जाऊन त्यांना कागद दाखवा, पण त्यांच्या तोंडी आश्वासनावर अर्ज थांबवू नका.

पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सार्वजनिक धोका दूर करण्याचा सशर्त आदेश ते काढू शकतात. निधी नाही हे उत्तर तेथे चालत नाही. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात १९८० सालीच सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या संहितेतील याच तरतुदीखाली, ते फेटाळले आहे. दिवाणी दाव्याआधी शासनाला सहसा दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि तेवढ्यात पाऊस येईल. म्हणून दंडाधिकाऱ्यांकडेही उपाय झाला नाही, तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी, असे माझे मत आहे.

आता आपल्या वाहनतळाविषयी. केवळ गाडी उभी करू दिली म्हणून तलावात बुडालेल्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. पण नौकाविहाराची तिकिटे आपल्या शेतातून विकली जात असतील, किंवा आपणच गाड्यांना भरावावरून जाण्याची वाट दाखवत असाल, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या तपासात पोलीस आपल्यालाही बोलावतील. ‘पोहण्यास मनाई’ असा फलक लावल्याने कोणाची सुटका होत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवलेली बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या, आणि चौकशीचा रोख बोटीवाल्यापासून थेट महापालिकेपर्यंत गेला. शिवाय शेतजमीन पैसे घेऊन वाहनतळासाठी देणे हा बिगरशेती वापर ठरू शकतो. ज्या गर्दीविरुद्ध आपण न्यायालयात जाल, तिच्याकडूनच पैसे घेत आहात हे समोरचा वकील पहिल्याच दिवशी मांडेल, म्हणून अर्ज देण्याआधी वाहनतळ बंद करावा. उत्पन्न जाईल हे मला कळते. तरीही सल्ला हाच आहे.

पावसाळ्यात पायथ्याचे पाणी गढूळ झाले किंवा माथ्यावर भेग दिसली, तर अर्ज लिहीत बसू नये. आधी घरातली माणसे वरच्या बाजूला न्यावीत, जनावरांचे दावे सोडावे, ओढ्याकाठच्या शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि ११२ वर व तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात कळवावे. नियंत्रण कक्षाचा क्रमांक आजच दारामागे लिहून ठेवा.