मानसशास्त्राची पदवी: वर्षं किती आणि त्यानंतर काय?

पदवीला किती वर्षं लागतात आणि ती झाली की लगेच समुपदेशन सुरू करता येईल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इंग्लंडमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ३ वर्षं, अमेरिकेत साधारण ४. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं आहे, म्हणून तुमचा हिशोब पदवीपाशी थांबवू नका.

पदवीत स्मृती, आकलन, विकास, मेंदू, संशोधनपद्धती हे सगळं येतं; समोर बसलेल्या माणसाला मदत कशी करायची, ते फारसं येत नाही. संख्याशास्त्र मात्र पहिल्या वर्षापासून नीट करा. ते टाळणारे पुढे प्रबंधाच्या वेळी हमखास अडकतात.

समुपदेशनासाठी अमेरिकेत पदवीनंतर २-३ वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आणि मग परवान्यासाठी देखरेखीखालचे तास लागतात. तिथेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर सहसा डॉक्टरेट हवी. तिला ५ ते ७ वर्षं धरा, त्यात वर्षभराची इंटर्नशिप आलीच. युरोपात मानसशास्त्रज्ञांना मिळणाऱ्या 'युरोसाय' (EuroPsy) प्रमाणपत्राला ५ वर्षांचं शिक्षण आणि १ वर्ष देखरेखीखाली काम, अशी अट आहे.

एवढा वेळ जातो कुठे? मी शिकाऊ समुपदेशकांचं सुपरव्हिजन करते. समोरच्याच्या परवानगीने केलेलं सत्राचं रेकॉर्डिंग आम्ही एकत्र ऐकतो. मध्येच थांबवून मी विचारते, "ती वडिलांबद्दल बोलायला लागली आणि तुम्ही झोपेची चौकशी केलीत. का?" त्या एका प्रश्नावर कधी कधी अख्खा तास जातो, आणि तो गेलाच पाहिजे. हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही.

दुसरा वेळखाऊ भाग प्रबंधाचा. नैतिकता समितीची परवानगी येईपर्यंत एकही प्रश्नावली वाटता येत नाही. त्यात काही महिन्यांनी पुन्हा मोजमाप घ्यायचं असेल, तर पहिल्या वेळी सहभागी झालेले कित्येक जण परत फिरकतच नाहीत. विषय निवडतानाच याचा विचार करा.

आधीची पदवी दुसऱ्या विषयात असेल तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागतेच असं नाही. ब्रिटनमध्ये अशांसाठी साधारण वर्षभराचा रूपांतर अभ्यासक्रम असतो. प्रवेश कुठेही घ्या, फी भरण्याआधी तुम्हाला जिथे काम करायचंय तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेची मान्यता त्या अभ्यासक्रमाला आहे का, ते त्या संस्थेच्याच यादीत पाहा. दूरशिक्षण असेल तर प्रात्यक्षिकाचे तास कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे लेखी मागून घ्या.