तिकडची सून घर धरून राहील का?

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कूलर पूर्ण जोरात सुरू होता, तरी काकांच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यांनी पिशवीतून एक फोल्डर काढलं आणि त्यातला कागद माझ्याकडे वळवून टेबलावर ठेवला. दोन रंगीत उभे पट्टे, एक भारताचा, एक नेदरलँड्सचा. वर शीर्षक 'व्यक्तिवाद'. खाली लाल पेनानं अधोरेखित केलेले आकडे: भारत 48, नेदरलँड्स 80.

"मॅडम, हे मी म्हणून नाही राहिलो," काका म्हणाले. "आकडे म्हणून राहिले. ते लोक आधी स्वतःचं पाहतात."

काकू काहीच बोलल्या नाहीत. पदराच्या टोकाची घडी घालत बसल्या होत्या.

काका सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, काकू घरी शिकवण्या घेतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे लिहायला दोघांनी परवानगी दिली आहे. एकुलता एक मुलगा पाच वर्षांपासून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, आणि आता तिथल्याच एका डच मुलीशी लग्न करायचं म्हणतो. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीदा तरी येतो. कधी सून तेलुगू असते, कधी जावई पंजाबी, कधी लेक कॅनडातच घर घेते. विचारतात मात्र सगळे एकच: "त्यांच्यात आपल्यासारखी ओढ असते का हो?"

या प्रश्नाला मी कधीच मागासलेला म्हणत नाही. काकूंना त्यांच्या भाच्यानं "मामी, कोणत्या जमान्यात आहात तुम्ही" असं सुनावलं होतं, त्यानं त्या आणखीनच गप्प झाल्या होत्या. मुलगा आपल्या हातून जाईल, ही भीती खरी असते. ती नीट ऐकून घेतल्याशिवाय पुढचं एक वाक्यही उपयोगाचं नसतं.

मी काकूंना विचारलं, नेमकं काय झालं?

झालं होतं ते असं. कुणीतरी ओळखीचं तिकडे जाणार होतं, त्यांच्याबरोबर काकूंनी संत्रा बर्फी आणि डिंकाचे लाडू पाठवले. चार दिवसांनी व्हिडिओ कॉलवर ती मुलगी हसत म्हणाली, "बर्फी मला फार आवडली. लाडू नाही आवडले. माझ्यासाठी पुन्हा करू नका, तुमची मेहनत वाया जाईल." काकूंनी त्या रात्री जेवण केलं नाही. "आपल्याकडची पोट्टी असती तर दोन लाडू शेजारी वाटले असते, पण तोंडानं छान झाले म्हणाली असती."

मी एका कागदावर तीन रकाने आखले. काय घडलं, मी त्याचा अर्थ काय लावला, आणि माझ्या कशाला धक्का लागला. पहिल्या रकान्यात काकूंनी मुलीचं वाक्य लिहिलं. दुसऱ्यात लिहिलं, 'तिला मी नको आहे.' तिसऱ्यात बराच वेळ काही नव्हतं, मग एक शब्द आला: 'कदर'. मग मी चौथा रकाना आखला: तिला विचारलं का? तो रिकामाच राहिला.

इथेच सगळी मेख असते. घडलेली गोष्ट आणि तिचा आपण लावलेला अर्थ एकमेकांना इतके चिकटलेले असतात की दोन्ही मिळून एकच गोष्ट वाटते. 'कदर' हे काकूंचं मूल्य होतं. त्या मुलीचं ते नाही, असं काही घडलेल्यात नव्हतं. तिच्या घरी कदर कशी दाखवतात, एवढंच काकूंना माहीत नव्हतं.

काकांचा कागद मी बाजूला सारला नाही. आकड्यांच्या माणसाशी आकड्यांतूनच बोलावं. हे आकडे गेर्ट हॉफस्टेड यांचे, जे स्वतःच डच होते. 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्यांवर त्यांचं काम उभं आहे. त्यावरचं पुस्तक 1980 मध्ये आलं. म्हणजे काकांच्या हातात होता तो भारत एका कंपनीतल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या नोकरदारांचा. शिवाय हा आकडा देशाचा असतो, माणसाचा नव्हे, आणि तो एकेका माणसाला लावू नये हे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावून सांगितलं होतं.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही सिंचनात होता. जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून एखाद्या शेतातल्या विहिरीला किती पाणी असेल, सांगता येईल?"

"नाही," काका लगेच म्हणाले. "विहीर पाहावी लागते." आणि थांबले.

"त्याच तक्त्यात जपान 46 वर आहे काका. भारताच्याही दोननं खाली. सून जपानी असती तर तुम्ही निर्धास्त झाला असता का?"

काकू पहिल्यांदा हसल्या. त्यांना मी मारबतीची आठवण दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण बडगे, म्हणजे मोठे पुतळे, काढतो, जी काही इडापीडा असेल ती त्यांच्या माथी मारतो आणि गावाबाहेर नेऊन जाळतो. बडग्या काही बोलत नाही, त्याला कुणी काही विचारतही नाही. मुलगा सात हजार किलोमीटर लांब गेला, सणाला घर रिकामं असतं, हे सगळं दुःख या घरात 'डच लोक' नावाच्या एका बडग्याला बांधलं गेलं होतं. खरी मुलगी त्याच्यामागे कुठेतरी उभी होती.

पुढच्या वेळी मी कार्डं काढली. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली: परंपरा, सुरक्षितता, जवळच्यांची काळजी, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, सत्ता वगैरे. अनेक देशांतल्या नमुन्यांत या मूल्यांचा क्रम बराच सारखा निघाला. जवळच्यांची काळजी बहुतेक ठिकाणी अगदी वर, सत्ता बहुतेक ठिकाणी तळाला. मी ही दहा कार्डं साध्या मराठीत करून ठेवली आहेत. काका-काकूंनी खोलीत लावली, मुलानं आणि त्या मुलीनं तिकडे व्हिडिओवर.

काकूंचं पहिलं कार्ड जवळच्यांची काळजी. त्या मुलीचंही तेच. काकांचं पहिलं परंपरा, आणि ते कार्ड काकूंनी पाचवं ठेवलेलं पाहून काका इतके चकित झाले की त्या पंधरा मिनिटांत नेदरलँड्सचा विषयच निघाला नाही. अडतीस वर्षांचा संसार, पण हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. स्वतःचे निर्णय स्वतः घेणं हे मुलीनं दुसरं ठेवलं होतं, काकूंनी आठवं. तो फरक खरा होता. मी तो झाकला नाही.

मग मी चौघांनाही एकच प्रश्न दिला: पहिल्या कार्डासाठी गेल्या महिन्यात तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत?

ती मुलगी म्हणाली, दर बुधवारी ती आजीकडे जाते. आजी वृद्धाश्रमात आहे. ती तिची नखं कापते, कारण आजीला दुसऱ्या कुणी कापलेली आवडत नाहीत. त्यांच्याकडे घरच्या माणसाची अशी सेवा करण्याला 'मांतेलझोर्ख' म्हणतात. 'मांतेल' म्हणजे अंगावर घ्यायचा डगला. 10 नोव्हेंबरला अशा सेवा करणाऱ्यांचा दिवसही पाळतात.

"पण वृद्धाश्रमातच नं," काका पुटपुटले. "आमच्यात म्हाताऱ्या माणसाला असं ठेवत नाहीत."

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, आई पवनीला एकट्याच होत्या."

खोलीत फक्त कूलरचा आवाज राहिला. काकांची आई शेवटची सहा वर्षं गावच्या घरात एकटी होती. काका महिन्याला पैसे पाठवायचे, दिवाळीला जायचे. जेवणाचा डबा शेजारच्या बाईंकडून यायचा. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला. "नोकरी होती," ते म्हणाले, "आणि ती यायला तयार नव्हती."

मी म्हटलं, "हो काका. तुमच्या वागण्याला कारणं होती. त्यांच्या घरालाही असतील." तेव्हा काकांना दोषी ठरवणं माझ्या मनातही नव्हतं. पण तुलना करताना आपण सगळेच एक अन्याय करतो: आपली शिकवण घेतो आणि ती त्यांच्या वागण्याशेजारी ठेवतो. शिकवणीशेजारी शिकवण ठेवावी, वागण्याशेजारी वागणं. आपल्याकडे मुलांनी आईवडिलांना सांभाळावं यासाठी 2007 मध्ये कायदा करावा लागला, आणि त्याखाली अर्ज करू का असं विचारायला येणारे आईवडील मी याच खुर्चीत पाहिले आहेत.

माझ्याकडूनही हे झालेलं आहे. सुरुवातीच्या काळात जरीपटक्यातलं एक तरुण जोडपं आलं होतं. सिंधी घर, मोठं दुकान. सुनेची घुसमट होत असणार, असं मी ती बोलायच्या आधीच धरून चालले. तीन भेटींनंतर कळलं की तिलाच दुकान चालवायचं होतं आणि नवऱ्याला त्यातून सुटका हवी होती. त्या दोघांचे तीन आठवडे माझ्या समजुतीपायी गेले. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी विचारते, "तुमच्या घरात हे कसं आहे?" 'तुमच्यात कसं असतं' असं विचारत नाही. थोड्याच शब्दांचा फरक आहे, पण उत्तरं फार वेगळी येतात.

चौथ्या भेटीत काकूंनी स्वतःच त्या मुलीला विचारलं. मुलानं मध्ये भाषांतर केलं. म्हातारपणी आम्ही तुमच्याजवळ राहिलो तर? मुलगी जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "एकाच घरात मला जमणार नाही, असं आत्ता वाटतं. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर असेल तर मला आवडेल." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या भेटीला त्या एकट्याच आल्या आणि पूर्ण वेळ त्यांनी मनात धरलेल्या घराविषयी सांगितलं: एक ओटा, एक देवघर, सकाळी सुनेसोबत चहा. मी त्यांची समजूत घातली नाही. विचारून मिळालेल्या नकाराचं दुःख निदान एका जिवंत माणसाशी बोलता येतं, आणि त्या पुढे खरंच बोलल्या.

लाडवांचंही विचारलं होतं त्यांनी. मुलीच्या घरी खोटं कौतुक केलं की आईला राग येतो; बर्फी आवडली हे काकूंना खरं वाटावं म्हणून तिनं लाडवांचंही खरं सांगितलं होतं.

त्यानंतर काकू दुसऱ्या टोकाला गेल्या. "डच लोक किती खरं बोलतात नं मॅडम, आपल्यासारखं नाही." तिथेही मी त्यांना अडवलं. हाही बडग्याच, फक्त हार घातलेला. काकूंची पुण्याची जाऊ लग्नानंतर वर्षभर सगळ्यांना सांगायची, ही नागपूरची, हिला रोज सावजी लागतं. काकू जन्मात मटण खाल्लेल्या नाहीत, तिखटानं त्यांना ठसका लागतो. त्यांनाच ते आठवलं आणि त्या गप्प झाल्या.

लग्न फेब्रुवारीत आहे. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मुलानं नव्या घराची खोली न् खोली व्हिडिओवर दाखवली. संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि त्यात काकूंचं नाव लिहिलेलं होतं.

"मी चिडणारच होते," काकू म्हणाल्या. "मग म्हटलं आधी विचारावं. तर त्यांच्याकडे ते कॅलेंडर तिथंच लावतात म्हणे, रोज नजरेस पडावं, कुणाचा वाढदिवस विसरू नये म्हणून. तिच्या आईचं नावही तिथंच आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण मी तिला सांगितलं, मला ते बरं नाही वाटत. माझ्या घरी येशील तेव्हा मी तुझं नाव देवघराजवळच्या कालनिर्णयवर लिहीन. ती म्हणाली, तारीख आत्ताच लिहून घ्या."