अंगावर पाजत असताना वांगाचं क्रीम आणि इसबाचं मलम लावलेलं चालतं का?

तुमचं बाळ तीन महिन्यांचं आहे, तुम्ही वांगासाठी गेले दोन आठवडे रात्री क्रीम लावता, हाताच्या इसबाला स्टेरॉइडचं मलम लावता, आणि घरातल्यांनी ‘सगळं बंद कर, दुधात उतरतं’ असं सांगितलंय. मी फार्मासिस्ट आहे. हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांचं लक्ष दुधाकडेच असतं. मला मात्र बाळाच्या तोंडाची आणि गालाची जास्त काळजी वाटते.

त्वचेवर लावलेलं बहुतेक औषध त्वचेतच राहतं. थोडं रक्तात जातं, त्यातलंही थोडंच दुधात. पण मलम छातीवर लावलं असेल तर बाळ ते थेट चाटतं. आईने स्तनाग्रांवर तीव्र स्टेरॉइड बरेच दिवस लावल्यामुळे बाळाचा रक्तदाब वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून हाताच्या इसबाला सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड पातळ थरात, थोडे दिवस लावायला हरकत नसते. फक्त ते पूर्ण जिरू द्या आणि मलम लावलेला भाग बाळाच्या अंगाला लागू देऊ नका. हातच असल्यामुळे हे कटकटीचं आहे, कबूल. बाळ पिऊन झोपल्यावर लगेच लावलं तर बरंच सोपं जातं. त्वचा चिरलेली असेल किंवा लावून वर पट्टी बांधली तर औषध जास्त शोषलं जातं, हेही ध्यानात ठेवा.

आता वांग. इथे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावीच लागतील. हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) असेल तर सध्या थांबवा. लावलेल्यापैकी साधारण 35 ते 45 टक्के हायड्रोक्विनोन शरीरात शोषलं जातं, आणि बाहेरून लावायच्या औषधासाठी हा आकडा फार मोठा आहे. वांगाच्या कितीतरी क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन (व्हिटॅमिन ए-च्या जातीचं औषध) आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं, तेव्हा नाव ‘नाइट क्रीम’ असलं तरी ते औषधच. एकट्या ट्रेटिनोइनचं शोषण फारच कमी आहे, तरी पाजत असताना ते सहसा टाळतात. पर्याय म्हणून अझेलाइक ॲसिडबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. ते जेमतेम 4 टक्के शोषलं जातं आणि तसंही आपल्या शरीरात थोड्या प्रमाणात असतंच. नायसिनमाइड, व्हिटॅमिन सी, ग्लिसरीनवाली साधी मॉइश्चरायझर यांची चिंता करू नका. सनस्क्रीन मात्र सोडू नका, ऊन लागत राहिलं तर वांगाला कुठलंच क्रीम पुरं पडत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या, ते त्वचेच्या वरच राहतं. प्रसूतीनंतर काही महिन्यांत वांग आपोआप फिकं होण्याचीही बरीच शक्यता असते, त्यामुळे घाई नको.

एका प्रकाराबाबत मी अजिबात सैल बोलणार नाही: झटपट गोरं करणारी, घटकांची यादी नसलेली किंवा कुणीतरी डबीत भरून दिलेली क्रीम. यांत पारा असू शकतो. पाऱ्याबाबतच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार दहा लाखांत एका भागाहून जास्त पारा असलेल्या अशा प्रसाधनांचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2020 नंतर बंद व्हायला हवी होती, तरी ती मिळतात. पारा दुधात उतरतोच, शिवाय टॉवेल, उशी आणि आईच्या हातांवरून बाळापर्यंत पोहोचतो. यादीत ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ दिसलं तर तोही पाराच.

तुम्ही विचारलं नाहीये, पण बाळ दूध ओढताना दुखतं म्हणून स्तनाग्रांना बधिर करणारं क्रीम लावू नका. त्यातल्या बेन्झोकेनमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होऊ शकते. भेगांना शुद्ध लॅनोलिन चालतं, ते पुसायचीही गरज नाही. कापूर-मेंथॉलचा बामसुद्धा छातीला नको, बाळाचं नाक तिथेच असतं.

राहिलं ते झालेल्या दोन आठवड्यांचं. हायड्रोक्विनोनवालं क्रीम असेल तर ते आजपासून बंद करा, दूध काढून फेकू नका, पाजणं चालू ठेवा. क्रीम पाऱ्याचं असल्याची शंका असेल तर मात्र डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. लघवीतला पारा तपासता येतो, आणि पाजण्याचा निर्णय तेच बघून सांगतील.