एचपीव्ही शरीर आपोआप घालवतं म्हणतात, मग काहींचा का जात नाही?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, दोन वर्षांपूर्वी तपासणीत एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करू शकणाऱ्या ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, १६ क्रमांकाचा प्रकार सापडला, पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून केलेली तपासणी) नॉर्मल होता म्हणून थांबायला सांगितलं, आणि आता पुन्हा तोच १६ पॉझिटिव्ह आलाय. ‘नव्वद टक्के बायकांचा जातो, मग माझाच का नाही? माझी प्रतिकारशक्ती इतकी दुबळी आहे का?’ असा तुमचा प्रश्न आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणं हे माझं रोजचं काम. आधी उत्तर देते: नाही, एवढ्यावरून तुमची प्रतिकारशक्ती दुबळी ठरत नाही. पण हा रिपोर्ट ‘बघू पुढे’ म्हणून कपाटात टाकण्यासारखाही नाही.

हा विषाणू टिकतो कसा, ते समजलं की तुमची अर्धी काळजी कमी होईल. त्वचेवरच्या किंवा गर्भाशयमुखावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांतून तो आत शिरतो आणि सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींत मुक्काम करतो. तिथे तो अगदी थोडक्यात भागवतो, स्वतःच्या मोजक्याच प्रती ठेवतो. त्या पेशी वर सरकत पृष्ठभागाजवळ आल्या, की मगच तो भराभर वाढतो. या वरच्या पेशी तशाही मरून गळणारच असतात, त्यांच्याबरोबर तोही बाहेर पडतो. म्हणजे पेशी फोडणं नाही, रक्तात उतरणं नाही, सूज नाही, ताप नाही. आपल्या प्रतिकारयंत्रणेला जाग येते ती अशाच खुणांनी, आणि इथे त्यातली एकही नाही. शिवाय त्याची ई५, ई६, ई७ नावाची प्रथिनं धोक्याचे रासायनिक निरोप दाबतात आणि बाधित पेशीला आपल्या आत काय चाललंय ते पृष्ठभागावर दाखवू देत नाहीत. त्यामुळे शरीराला पत्ता लागायलाच कित्येक महिने जातात.

पत्ता लागला की काम करतात त्या टी पेशी, म्हणजे बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. चामखीळही एचपीव्हीच्याच काही प्रकारांमुळे येते. आपोआप जिरत चाललेल्या चामखिळीचा काप पाहिला तर त्यात या पेशींची गर्दी दिसते. न जिरणाऱ्या चामखिळीत त्या फारशा नसतात. अँटिबॉडीचा इथे फार उपयोग होत नाही. नैसर्गिक संसर्गानंतर त्या कमी बनतात, उशिरा बनतात, कित्येक स्त्रियांमध्ये मोजण्याइतक्या बनतही नाहीत. आणि बनल्या तरी पेशीच्या आत बसलेल्या विषाणूपर्यंत त्या पोचत नाहीत. लस आधीचा संसर्ग घालवत नाही, त्याचं कारण हेच. ती नवीन प्रकारांना दारातच अडवते, म्हणून तुमच्या वयात घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. मात्र १६ घालवण्यासाठी म्हणून घेऊ नका.

आता त्या नव्वद टक्क्यांबद्दल. नव्याने झालेल्या संसर्गांपैकी साधारण निम्मे वर्षभरात आणि सुमारे ९० टक्के दोन वर्षांत चाचणीत दिसेनासे होतात, हे खरं आहे. पण हा आकडा सगळ्या प्रकारांचा मिळून आहे. कर्करोगाचा धोका असलेल्या प्रकारांमध्ये १६ हा सगळ्यात चिवट. आणि हिशेब धरलाय तो संसर्ग झाल्यापासून, सापडल्यापासून नाही. तुमचा संसर्ग पहिल्या चाचणीच्या आधी कितीही वर्षं जुना असू शकतो. निगेटिव्ह आलेल्यांतही काही जणींच्या खालच्या थरात तो शांत पडून राहतो आणि नंतर कधीतरी पुन्हा दिसतो. म्हणून, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते: हा कुणाकडून आणि कधी आला हे चाचणीवरून ठरवता येत नाही. या रिपोर्टवरून घरात कुणी कुणावर संशय घेऊ नये.

मग काहींच्यात तो का राहतो? एचआयव्ही असेल, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तर कारण स्पष्ट असतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. धूम्रपानानेही तिथली पहाऱ्यावरच्या पेशींची संख्या घटते. पण मी ज्यांचे नमुने पाहते त्यांतल्या बहुतेकींना यातलं काहीच नसतं. विषाणूचे तुकडे टी पेशींसमोर मांडणारे रेणू प्रत्येकाचे जन्मतः वेगळे असतात. कुणाचे १६ ला नीट पकडतात, कुणाचे नाही. एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, एपिडर्मोडिस्प्लेशिया व्हेरुसिफॉर्मिस. त्यात काही विशिष्ट एचपीव्हींमुळे अंगभर चामखिळीसारखे चट्टे येतात, पण बाकीच्या जंतूंशी त्यांचं शरीर व्यवस्थित लढतं. प्रतिकारशक्ती ही एकाच मापाने मोजायची गोष्ट नाही. त्यामुळे ती ‘वाढवणारी’ पावडर घेऊन हा विषाणू जाईल असं समजू नका. शरीरातून एचपीव्ही काढून टाकणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही.

विषाणू नुसता राहतोय की पेशी बिघडवतोय, हा फरक मला काचपट्टीवर दिसतो. विषाणू नुसता वाढत असेल तर वरच्या थरातल्या पेशींचं केंद्रक मनुकेसारखं सुरकुततं आणि त्याभोवती ठसठशीत कडेचं रिकामं वलय दिसतं. ही पेशी मला घाबरवत नाही, ती गळून जाणार असते. मी थांबते ती लहान, गडद, जवळजवळ केंद्रकानेच भरलेल्या पेशीपाशी. तिथे ई६ ने पी५३ हे पेशीला थांबवणारं प्रथिन नष्ट केलेलं असतं, ई७ ने दुसरा ब्रेक निकामी केलेला असतो, आणि पेशी नुसती विभागत सुटते. पुष्कळदा विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत घुसलेला असतो आणि त्या गडबडीत ई६-ई७ ना आवर घालणारं ई२ तुटून जातं.

तरी हे सगळं सावकाश होतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत काही स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींतल्या तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे कर्करोगाआधीच्या सगळ्यात गंभीर बदलांवर (सीआयएन ३), पुरेसे उपचारच केले गेले नाहीत. त्यांच्यावर फार मोठा अन्याय झाला. त्यांतल्या सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. तुम्हाला सीआयएन ३ आहे असं मी म्हणत नाही, तुमचा स्मीअर तर नॉर्मल होता. पण स्मीअरमध्ये खरवडून येतात त्याच पेशी मला दिसतात, बदल असलेला भाग निसटू शकतो.

म्हणून १६ दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आलाय तर स्मीअर कसाही येवो, कोल्पोस्कोपी करून घ्या. गर्भाशयमुखाला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून भिंगातून बघतात, पांढरा पडलेला भाग दिसला तर तिथला छोटा तुकडा माझ्यासारख्या कुणाकडे येतो. मोठे बदल निघाले तर तेवढा भाग काढतात, आणि बहुतेकींची विषाणूची चाचणीही त्यानंतर निगेटिव्ह येते. काहीच निघालं नाही तर साधारण वर्षभराने पुन्हा एचपीव्ही चाचणी करायची. ती तारीख दवाखान्यातून निघतानाच लिहून घ्या.