क्रूझवरचा लिलाव आणि बारा लाखांची एफडी

प्रश्न: मी ६७ वर्षांचा, निवृत्त. मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्याकडे गेलो असताना गॅल्व्हेस्टनहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ केली. जहाजावरच्या कलालिलावात स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींचं ‘डिव्हाइन कॉमेडी’ मालिकेतलं एक चित्र २,४०० डॉलरला घेतलं. क्रेडिट कार्डाने एकूण ३,१०० डॉलर भरले. चित्र अजून मुलीच्या पत्त्यावर यायचंय. सोबत ५,५०० डॉलर किमतीचं प्रमाणपत्र मिळालं आहे. आता गॅलरीचा पुण्याला फोन येतो : आणखी तीन चित्रांचा संच ११,५०० डॉलरला, फक्त माझ्यासाठी. सहप्रवाशांची मतं तीन तऱ्हेची. एक गृहस्थ दर क्रूझला चित्रं घेतात आणि म्हणतात, ‘किमती वाढतच जातात.’ एका बाईंनी सरळ ‘लूट’ म्हटलं. तिसरं जोडपं फक्त फुकटची शॅम्पेन प्यायला येत असे. माझी एकूण पुंजी ४८ लाख, त्यात आजारपणासाठी राखलेली १२ लाखांची एफडी. ती मोडून संच घ्यावा का? आणि पहिल्या चित्राचं काय करावं?

उत्तर: काका, नमस्कार. संच घेऊ नका आणि एफडीला हात लावू नका. पहिलं चित्र रद्द होतंय का, ते याच आठवड्यात पाहा.

आधी सहप्रवाशांबद्दल. दर क्रूझला चित्रं घेणाऱ्या गृहस्थांना एकच विचारायचं होतं : आजवर विकलीत किती, कुणाला, आणि हातात किती आले? क्रूझवरच्या चित्रांबद्दल भरभरून बोलणारे बहुतेक जण घेणारे असतात, विकलेले क्वचित भेटतात. भिंतीवर टांगलेल्या चित्राचा भाव रोज छापून येत नाही, त्यामुळे तोटा झाला तरी तो कळत नाही. ‘लूट’ म्हणणाऱ्या बाईंचंही मला पूर्ण पटत नाही. कागदावर जे लिहिलेलं असतं, सहसा तेच चित्र घरी येतं. गडबड असते ती भावात आणि ‘लिलाव’ या शब्दाने होणाऱ्या समजुतीत. शॅम्पेनवाल्या जोडप्याचा हिशोब तिघांत सर्वांत चोख म्हणायचा.

खऱ्या लिलावात एकच वस्तू असते आणि ती हवी असणारे दोघे तरी असतात. त्यांच्या चुरशीतून भाव ठरतो. जहाजावर हातोडा पडल्यावर लिलावदाराने ‘याच भावात आणखी कुणाला हवंय?’ असं विचारलेलं आठवतंय का? विचारलं असेल, तर तो लिलाव नव्हता, मालाची विक्री होती. त्याच एडिशनच्या, म्हणजे एका चित्राच्या ठरावीक संख्येने केलेल्या छपाईच्या, प्रती जमिनीवरच्या गोदामात पडून असतात. घरी येणारी प्रत बहुधा तिथूनच निघते, ईझलवर पाहिलेली ती नव्हे. गॅलरीला जहाजावर जागा मिळते ती क्रूझ कंपनीला विक्रीतला हिस्सा देऊन, आणि लिलावदार कमिशनवर असतो. हा सगळा खर्च तुमच्या २,४०० डॉलरमध्येच बसलेला आहे.

प्रमाणपत्रावरचे ५,५०० डॉलर ही त्या चित्राची विकत घेणारा देईल ती किंमत नाही. ते विम्यासाठीचं बदली मूल्य आहे : चित्र जळालं किंवा चोरीला गेलं, तर त्याच विक्रेत्याकडून तसंच दुसरं घ्यायला काय पडेल. आणि ते लिहिलंय विकणाऱ्यानेच. उद्या हे चित्र घेऊन तुम्ही दुसऱ्या लिलावगृहात गेलात, तर ते हा कागद बाजूला ठेवतील आणि अशीच चित्रं मागच्या काही वर्षांत कितीला गेली ते पाहतील. तेच तुम्हीही पाहा. क्रिस्टीज, सदबीज यांच्या संकेतस्थळांवर जुने निकाल मोफत दिसतात. ईबेवर शोधताना ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडा. मागितलेला भाव बघू नका, मिळालेला बघा.

या मालिकेची थोडी माहिती हवी. ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे इटालियन कवी दांतेचं महाकाव्य. त्याच्या सातशेव्या जन्मवर्षाच्या निमित्ताने इटलीच्या सरकारने दालींना हे काम दिलं आणि नंतर काढून घेतलं. शंभर जलरंग चित्रं तयार झाली. त्यांवरून पॅरिसमध्ये लाकडी ठसे कोरून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रंथाच्या रूपात हजारो संच छापले गेले. पुढे कित्येक संच सुटे करून एकेक पान विकलं गेलं. म्हणजे तुमच्या हाती येणार आहे ते त्या ग्रंथातलं एक पान. खोटं नाही, पण दुर्मीळही नाही. अशी सुटी पानं सर्वसाधारण लिलावात काही शे डॉलरला जातात. पेन्सिलीची सही असेल तर जास्त, पण दालींच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. १९७४ मध्ये फ्रेंच कस्टमने एक ट्रक अडवला होता, त्यात दालींनी सही केलेले ४०,००० कोरे कागद होते. म्हणून दालींच्या छापचित्रांबाबत अल्बर्ट फील्ड किंवा मिशलर आणि लॉपझिंगर यांनी केलेल्या दालींच्या छापचित्रांच्या सूचीतला क्रमांक विचारायचा असतो.

आता आकडे. डॉलर ९० रुपये धरू. हातोड्याचा भाव २,४००, त्यावर १५ टक्के बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतला जाणारा वरचा आकार) ३६०, फ्रेम आणि पाठवणी ३४० : झाले ३,१००, म्हणजे २,७९,००० रुपये. कार्डाचा परकीय चलन आकार साडेतीन टक्के असेल तर ९,७६५, त्यावर १८ टक्के जीएसटी १,७५८. एकूण सुमारे २,९०,५००. हेच पैसे ७ टक्क्यांनी पाच वर्षं ठेवले असते तर करापूर्वी ४,११,००० झाले असते. चित्र विकून हातात तेवढे यायचे, तर लिलावगृहाचं २० टक्के कमिशन धरता त्याला सुमारे ५,७०० डॉलर भाव यायला हवा. तुम्ही दिलेल्या हातोड्याच्या भावाच्या जवळजवळ २.४ पट. पाठवणी, विमा आणि कर यात धरलेलेच नाहीत. काही शे डॉलरला सहज मिळणाऱ्या पानाला हा भाव कोण देणार?

संचाचं प्रकरण याहून वाईट आहे, कारण त्यात तीन वेगळ्या जातीचा माल एका दोरीत बांधलाय. गॅलरीने तुम्हाला पाठवलेल्या वर्णनानुसार पहिलं आहे कॅनव्हासवरचं जिक्ले, ‘हाताने सजवलेलं’. जिक्ले म्हणजे चांगल्या प्रतीचं इंकजेट छापील चित्र. त्यावर कुणीतरी ब्रशचे चार फटकारे मारले की सजावट होते. कुणी मारले, कलाकाराने की स्टुडिओतल्या सहायकाने, हे लेखी मागा. दुसरं सेरिलिथोग्राफ, म्हणजे सिल्कस्क्रीन आणि लिथोग्राफी या दोन पद्धती मिळून छापलेलं चित्र, ५०० पैकी २१२ क्रमांकाचं. ५०० हा आकडा पूर्ण असेलच असं नाही : तेच चित्र कागदावर वेगळं, कॅनव्हासवर वेगळं, शिवाय आर्टिस्ट प्रूफ (कलाकारासाठी राखलेल्या प्रती) वेगळी, अशा अनेक एडिशन निघतात. सगळ्यांची बेरीज विचारा. तिसरं रेम्ब्रांटचं एचिंग, म्हणजे ॲसिडने कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून काढलेला ठसा. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला, पण त्याच्या तांब्याच्या कित्येक प्लेट टिकल्या आणि पुढच्या मालकांनी, उदाहरणार्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बासाँने, त्यांवरून पुन्हा छपाई केली. अलीकडेही झाली आहे. त्याच्या हयातीतला ठसा आणि झिजलेल्या, डागडुजी केलेल्या प्लेटवरचा उशिराचा ठसा यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नाव मात्र दोन्हींवर रेम्ब्रांटचंच.

संच भारतात आणायचा झाला, तर आपल्या कस्टम टॅरिफच्या ९७व्या प्रकरणात ‘मूळ’ छापचित्राची व्याख्याच दिली आहे : कलाकाराने स्वतः हाताने केलेल्या प्लेटवरून थेट काढलेला ठसा, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीने छापलेलं त्यात येत नाही. बिलावर लिमिटेड एडिशन लिहिलेलं असलं तरी इंकजेटचं चित्र कस्टमच्या लेखी नुसतं छापील चित्र ठरू शकतं आणि ड्युटीचा दर बदलतो.

११,५०० डॉलर म्हणजे १०,३५,००० रुपये. बँकेतून पाठवलेत तर एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, येतात. वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ गोळा केलेला आयकर) कापला जातो, तो विवरणपत्र भरल्यावर मिळतो खरा, पण तोवर अडकतो. या सहलीसाठी याच वर्षी फॉरेक्स कार्डात भरलेले पैसेही त्याच दहा लाखांत मोजले जातात. एफडी मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेही जितके दिवस ठेवली त्या मुदतीच्या दरातून. आणि १२ लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला येणारे ७,००० रुपये जवळजवळ संपतात. अँजिओप्लास्टीच्या दिवशी रुग्णालय डिपॉझिट म्हणून सेरिलिथोग्राफ घेत नाही.

पहिल्या चित्रासाठी हे करा. बिलाच्या मागच्या बाजूच्या अटी वाचा : रद्द किंवा परत करण्याची मुदत किती, ती खरेदीपासून की पोच मिळाल्यापासून, पैसे परत की नुसतं क्रेडिट, आणि वाद कुठल्या राज्याच्या न्यायालयात. विक्री आंतरराष्ट्रीय हद्दीत झाल्याने बंदराच्या गावचा लिलाव कायदा तुमच्या कामी येईलच असं नाही. बहुतांशी हा करारच तुमचा कायदा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पुण्यात तक्रार करता येते, पण परदेशी कंपनीकडून वसुली करणं ही वेगळीच लढाई. म्हणून फोनवर बोलत बसू नका, ईमेल करा. रद्द करण्याची विनंती करा आणि सोबत पाच गोष्टी लेखी विचारा : माध्यम, छापणारा आणि वर्ष, सर्व एडिशनची एकूण संख्या, सही हाताची की ठशातली, सूची क्रमांक.

चित्र आलंच नाही किंवा वर्णनापेक्षा वेगळं आलं, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे उलटवून परत, मागता येतो. मुदत साधारण १२० दिवसांची असते. ‘महाग पडलं’ या कारणावर तो मिळत नाही. पेटी उघडताना मुलीला व्हिडिओ काढायला सांगा आणि दहापट भिंगातून कागद पाहायला सांगा. गुलाबपाकळ्यांसारखे रंगबिंदूंचे गोल दिसले तर ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली नेहमीची यांत्रिक छपाई, फवाऱ्यासारखे बारीक ठिपके दिसले तर इंकजेट. लाकडी ठशाच्या छपाईत रंगाचे सलग पट्टे दिसायला हवेत.

रद्द झालंच नाही, तर ते सहलीच्या खर्चात टाका आणि ४८ लाखांच्या हिशोबात त्याची किंमत शून्य धरा. ते पान तुम्हाला मनापासून आवडलं असेल तर खुशाल लावा, त्यात गैर काही नाही. भिंतीसाठीच चित्र हवं असेल तर मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात चित्रकाराशी समोरासमोर बोलून हाताने रंगवलेलं एकमेव चित्र याहून बरंच कमी पैशांत मिळतं. गुंतवणूक म्हणून तेही घेऊ नका.

कराचं थोडक्यात. चित्र ही वैयक्तिक वापराची वस्तू धरली जात नाही. ती भांडवली मालमत्ता आहे. २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर १२.५ टक्के. असा दीर्घकालीन तोटा झाला तर तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि विवरणपत्र वेळेत भरलं असेल तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. म्युच्युअल फंडांत असा नफा झाला असेल तर त्यासमोर तेवढाच उपयोग. चित्र हातसामानातून आणलंत तर ड्युटी-फ्री मर्यादेच्या कितीतरी वरचं आहे, तेव्हा रेड चॅनलला जाऊन मूळ बिल दाखवा, मूल्य-प्रमाणपत्र नव्हे. आणि चित्र तुमच्याच नावावर ठेवून ह्यूस्टनलाच राहणार असेल, तर ती परदेशातली मालमत्ता झाली : आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरून शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) नोंद करा. तुमच्या सीएंना जुलैपूर्वी बिलाची प्रत द्या.