वाचक विचारतात : ताकादाचं सेकाइकान

प्रश्न : जपानमधल्या ताकादा गावात १९११चं थिएटर अजून चालू आहे म्हणतात. इमारत मूळचीच आहे का? आणि तिथले दोन-दोन प्रोजेक्टर कशासाठी? – वाचक, सांगली

उत्तर : मूळचीच, आणि लाकडी. ताकादा हा नीगाता प्रांतातल्या जोएत्सु शहराचा भाग. १९११मध्ये ‘ताकादा-झा’ या नावाने हे नाटकगृह उभं राहिलं, १९१६मध्ये तिथे चित्रपट सुरू झाले आणि ‘सेकाइकान’ हे नाव आलं. सेकाइ म्हणजे जग. आत शिरल्यावर मान वर करून बघाच: चौकटींचं नक्षीदार छत आणि भोवतीने सज्जा, दोन्ही नाटकाच्या काळातले. मूकपटांच्या जमान्यात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ उभा राहून गोष्ट सांगायचा, पात्रांचे संवादही तोच म्हणायचा.

या गावात १९४५च्या फेब्रुवारीत ३७७ सेंटिमीटर बर्फ साचला होता, त्यातूनही ही इमारत टिकली. २००७च्या भूकंपानंतर मात्र थिएटरवर पाडण्याची वेळ आली. २००९मध्ये गावकऱ्यांच्या संस्थेने ते ताब्यात घेतलं म्हणून वाचलं. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

आता प्रोजेक्टर. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २००० फुटी रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. दोन तासांच्या चित्रपटाला सहा-सात रिळं लागतात. खंड पडू नये म्हणून एक रीळ चालू असताना पुढचं दुसऱ्या मशीनवर चढवून ठेवतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटर दुसरी मोटर चालू करतो, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चित्र आणि आवाज तिकडे वळवतो.

चूक बहुतेकदा फिल्म ओवताना होते. दातेरी चाकं सलग फिरतात, पण गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत-थांबत सरकते. हा फरक सामावून घ्यायला गेटच्या वर आणि खाली सैल वेटोळं ठेवावं लागतं. खालचं वेटोळं ओढलं गेलं की चित्र थरथरतं, फिल्मच्या कडेची भोकं फाटतात.

प्रश्न : टोकियोहून कसं जावं? – वाचक, पुणे

उत्तर : होकुरिकु शिंकान्सेनची (बुलेट ट्रेनची) ‘हाकुताका’ गाडी पकडा आणि जोएत्सुम्योको स्टेशनला उतरा. ‘कागायाकी’ गाडी तिथे थांबत नाही. तिथून लोकलने दुसरं स्टेशन ताकादा, पुढे दहाएक मिनिटं चालत. रिळाचे खेळ रोज नसतात, म्हणून वेळापत्रक बघूनच तिकीट काढा.