आरोग्य-संवाद : चक्कर, रिकामे पोट आणि भरलेली बाटली

प्रश्न : डॉक्टरताई, मी १९ वर्षांची असून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि कॉलेज तालुक्याच्या ठिकाणी आहे. सकाळी सव्वासहाची एसटी धरायची असल्याने चहा आणि दोन टोस्ट एवढेच खाऊन निघते. दुपारी साडेतीनला घरी आल्यावर जेवते. दोन-तीन महिन्यांपासून प्रॅक्टिकलला उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना धाप लागते, केसही फार गळतात. दोनदा ताकदीची सलाईन लावली, पण तेवढ्यापुरतेच बरे वाटले. कॉलेजात पाणी पिणे होत नाही. नेलेली बाटली भरलेलीच परत येते. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. काय करावे?

उत्तर : अभ्यासाचा ताण असेलही, परंतु रक्त तपासल्याशिवाय ते ठरवू नये. तुझ्या पत्रातील सलाईनची गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. सलाईन म्हणजे मुख्यतः मीठ किंवा साखर घातलेले निर्जंतुक पाणी. दिवसभर उपाशी आणि तहानलेल्या शरीराला ते मिळाले व तासभर पडून राहता आले, म्हणून बरे वाटले. रक्त मात्र त्याने थेंबभरही वाढत नाही. आपल्याकडे कमजोरी म्हटली की बाटली लावायची, ही सवय इतकी रुजली आहे की मूळ आजार तसाच राहतो आणि घरचे पैसे जातात.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. तुझ्या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास तो रक्तक्षय समजला जातो आणि ८ च्या खाली गेल्यास तो तीव्र मानला जातो. आरशासमोर उजेडात उभी राहून खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून पाहा. आतली बाजू लालसर न दिसता फिकट, पांढुरकी दिसली तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नकोस. मात्र ती लाल दिसली म्हणून तपासणी टाळणेही योग्य नाही.

त्याच वेळी सिकलसेलची तपासणीही मागून घे, कारण आपल्या विदर्भात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात. अशा रुग्णाला रक्त कमी आहे म्हणून तपासणीविना लोहाच्या गोळ्या देत राहणे बरोबर नाही, कारण तिथे अडचण बहुधा लोहाच्या कमतरतेची नसते. प्राथमिक चाचणीत संशय आला तर पुढची, खात्रीची चाचणी करतात. तू केवळ वाहक (आजाराचा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेली, स्वतः आजारी नसलेली) निघालीस तर घाबरण्याचे कारण नाही, वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. परंतु दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून हे लग्नाआधी माहीत असलेले बरे. यात लपवण्यासारखे काहीही नाही, हे घरच्यांनाही सांग.

मासिक पाळीबद्दल तू लिहिले नाहीस. सात दिवसांहून अधिक रक्तस्राव होणे, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना संकोच न करता सांग. कितीतरी मुलींचे रक्त कमी होण्याचे कारण इथेच सापडते.

आता खाण्याचे. सकाळी सहाला पोळी-भाजी कुणालाही जात नाही, आणि त्यासाठी आईने चारला उठावे असेही मी म्हणणार नाही. रात्रीची भाकर आणि जवसाची चटणी बांधून घे, सोबत फुटाणे-शेंगदाणे ठेव आणि दहाच्या सुट्टीत खा. घरी वरणावर लिंबू पिळ. बरबटी (चवळी), मोट (मटकी), अंबाडी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, हिवाळ्यात आवळा आणि बोरे हे सारे आपल्या शिवारात मिळते. आंबटामुळे अन्नातील लोह अंगी लागते, तर जेवणासोबत घेतलेला चहा ते अडवतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेव. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा समज मात्र खरा नाही. त्यात लोह थोडेच असते.

बाटली भरलेली का परत येते, हे तू लिहिले नसले तरी मला ठाऊक आहे. कॉलेजचे स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसले की मुली पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीला जळजळ, संसर्ग, डोकेदुखी, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात एसटी स्टँडवर चक्कर असे सगळे सुरू होते. सिकलसेलच्या रुग्णाला तर पाणी कमी पडल्याने तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. हा दोष तुझा नाही. चार-पाच मैत्रिणी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पाणी व कडी असलेले स्वच्छतागृह मागा. ती मागणी आरोग्याची आहे, लाजण्याची नाही.

रक्त व्यवस्थित निघाले आणि तरीही झोप, भूक, उत्साह गेलेला असेल, तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन ९ आले. सिकलसेल नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते आणि शौचास काळी होते, म्हणून आठ दिवसांत बंद केल्या. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. या गोळ्यांनी शौच काळी होणे अपेक्षितच आहे, ते रक्त नव्हे. मळमळत असल्यास गोळी थोडे खाऊन किंवा रात्री झोपताना घ्यावी; दूध-चहासोबत घेऊ नये. तरीही सहन होत नसेल, तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारचे लोह देऊ शकतात. महिन्याभराने पुन्हा रक्त तपासावे आणि तोवर एक ग्रॅमनेही वाढ झाली नसेल, तर कारण शोधण्यासाठी तो अहवाल घेऊन ग्रामीण रुग्णालयात जावे.